लोण्यासारखी लीव्हर आणि खोबरेलाची बाटली

गेल्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. तो मुळात कुणी लिहिला कोण जाणे, माझ्याकडे तीन बाजूंनी तीनदा आला. मजकूर असा : विंचेस्टर १८७३ ची (चापाखालची लीव्हर ओढून काडतूस भरायची जुनी अमेरिकन रायफल) इटालियन नक्कल म्हणजे हलका माल. लीव्हर जड चालत असेल तर आतले सगळे भाग पॉलिश पेपरने आरशासारखे घासा, घोड्याची (चाप ओढला की आपटतो तो भाग) कमान, म्हणजे स्प्रिंग, कानशीने पातळ करा, वरून खोबरेल सोडा, लोण्यासारखी चालेल. आणि शेवटी ठळक अक्षरांत : नक्कल आहे, लायसन्स लागत नाही.

माझा भाचा टेक्सासात असतो. तिथे काउबॉय टोपी घालून पोलादी पाट्यांवर नेम धरायच्या स्पर्धा होतात, त्यात तो अशीच एक नक्कल, उबर्टी या इटालियन कंपनीची रायफल घेऊन उतरतो. त्याने मेसेज मला धाडून विचारलं, "मामा, करू का?" मी त्याच्याकडे दोन महिने होतो तेव्हा ती रायफल जेवणाच्या टेबलावर मीच उघडली होती, त्यामुळे उत्तर देणं मला भाग आहे.

'हलका माल' आधी संपवू. मूळ १८७३ चं उत्पादन १९२३ च्या सुमाराला थांबलं. सात लाखांवर बंदुका निघाल्या, पण त्यांचं लोखंड त्या काळचं. आजची नक्कल आजच्या पोलादाची असते आणि इटलीत गार्दोने गावच्या सरकारी चाचणीतून जाते. नळीवर त्याचे शिक्के असतात, दोन अक्षरांत वर्षही असतं. कमजोरी असलीच तर ती मूळ रचनेत आहे आणि नकलेने ती इमानाने उचलली आहे. म्हणून तिच्यात जोरदार भरणीचं काडतूस घालायचं नाही. टोकदार गोळी तर कधीच नाही, कारण नळीखालच्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर टेकलेलं असतं आणि धक्क्याने ती फुटू शकते.

आता लीव्हर. ती खाली ओढली की आतल्या जोडपट्ट्या गुडघ्यासारख्या दुमडतात, बोल्ट सरळ मागे येतो, येता येता घोडा चढवतो, आणि पितळी ठोकळा काडतूस घेऊन वर येतो. या सगळ्यात हाताला लागणारा जडपणा खरखरीतून थोडा येतो आणि कमानींशी झगडण्यातून जास्त. एक पट्टीकमान लीव्हरवर दाबून बसलेली, दुसरी ठोकळा उचलणाऱ्या दांड्यावर, तिसरी घोड्याची. कारखान्यातून त्या गरजेपेक्षा कडकच येतात. मग घासायचं कशाला? पट्टीकमानीच्या बुडाशी, ती आणि चौकट यांच्यामध्ये एक पातळ वॉशर सरकवला की दाब उतरतो. आवडलं नाही तर वॉशर काढा, रायफल जशीच्या तशी. भाच्याच्या रायफलीत आम्ही एवढंच केलं. चहा गार व्हायच्या आत लीव्हर दोन बोटांनी फिरू लागली.

घोड्याच्या कमानीला तर ताण कमी-जास्त करायचा पेच कारखान्यानेच दिलेला असतो. अर्धा फेरा सोडायचा आणि पाहायचं. कानशीने पातळ केलेली कमान परत जाड होत नाही. ती नरम पडली की फायरिंग पिन टोपीवर नुसता ठिपका उमटवते आणि काडतूस फुटत नाही.

पण या सल्ल्यातलं खरं विष 'सगळे भाग' या दोन शब्दांत आहे. ठोकळ्याच्या कडा, बोल्टच्या सरकत्या बाजू यांवरचे ओरखडे बारीक पेपरने काढायला हरकत नाही. घोड्याची खाच आणि तिच्यात अडकून घोडा चढलेला ठेवणारं चापाचं टोक मात्र सोडा. तिथला कडकपणा बहुतेक वेळा वरच्या पातळ थरात असतो. तो घासला की खाली नरम लोखंड, आणि खाचेचा कोनही बिघडतो. हे पुस्तकातून सांगत नाही. विशीत असताना लष्करातल्या आमच्या घरी (लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर, फौज नव्हे) आजोबांच्या दुनळीची खाच मी अशीच 'गुळगुळीत' केली होती. काही दिवसांनी घोडा चढवला, अंगठा काढला आणि तो आपोआप खाली पडला. नळी रिकामी होती. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातून पेचकस काढून घेतला.

राहिलं खोबरेल. ते पंचविसेक अंशांखाली थिजतं. ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे पारा किती खाली जातो हे इथल्याला सांगायला नको. खोबरेलाची बाटली शेकायला लागते, आणि तेच तेल कमानींत? मोहरीचं त्याहून वाईट, हळूहळू चिकट होत जातं. जवसाचं तेल सुकून पापुद्रा धरतं, म्हणून लाकडी दस्त्याला उत्तम आणि आत तितकंच घातक. आत हलकं बंदुकीचं तेल, तेही थेंबाने. काळी दारू, म्हणजे जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू, उडवली असेल तर तेलाआधी पाणी, कारण तिची निम्म्याहून अधिक राख क्षारांची असते, ती पाण्यातच विरघळते. साबणाचं गरम पाणी, कोरडी चिंदी, मग तेल. या रायफलीत सळई तोंडाकडूनच घालावी लागते, म्हणून नळीचं तोंड घासू नये यासाठी पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी, बरा.

लायसन्सचं बोलू. आपल्याकडचा कायदा नक्कल की अस्सल हे विचारत नाही, गोळी सुटते का एवढंच विचारतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट जुनाट किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालणार नसेल तरच.

मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्या आमच्या मेहुण्यांच्या दिवाणखान्यात पणजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली आहे. दर दसऱ्याला तिला खोबरेल पाजलं जातं, त्यामुळे घोडा कित्येक वर्षं जागचा हललेला नाही. परवा मी नीट पाहिली. साफ केली तर चालेल. त्यांना तसं सांगितलं, कलम ४५ ही वाचून दाखवलं. तेव्हापासून ते ग्रुपवर फक्त सुप्रभात पाठवतात.