वसंतदादांवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांवरचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की दादा म्हणजे अडाणी शेतकरी, जेल फोडल्याची गोष्ट कार्यकर्त्यांनी रंगवलेली, दिल्लीच्या मेहेरबानीनं मुख्यमंत्री झाले आणि जाताना शिक्षणाचा बाजार मांडून गेले. वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जेलचं. स्वातंत्र्यलढ्याचा काळ, 24 जुलै 1943, सांगलीचा तुरुंग. दादा आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेऊन तटावर चढले, खंदकात उड्या मारल्या आणि दिवसाढवळ्या पळत सुटले, मागून पोलिसांचा गोळीबार चालूच होता. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यात मारले गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पकडले गेले. दोन पोरांनी त्या दिवशी जीव दिलाय, त्याला रंगवलेली गोष्ट म्हणताना जरा तरी विचार करा.

अडाणी? शाळा लवकर सुटली हे खरंय. 1917 चा जन्म, वर्षभराचे असतानाच आईवडील साथीत गेले, सांगलीजवळच्या पद्माळ्यात आजीनं वाढवलं. घरची शेती, त्यात चळवळ, शिकणार कधी? पण याच माणसानं सांगलीत शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि उसाची लागण, तोडणी, वाहतूक, साखरेचा उतारा, बँकेचं कर्ज हा सगळा हिशोब ज्याला कळतो त्याला अडाणी कसं म्हणायचं? पुण्याजवळच्या मांजरीच्या साखर संस्थेला आज त्यांचं नाव आहे ते उगाच नाही.

शिक्षणाच्या बाजाराचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही. 1983 ला मुख्यमंत्री असताना त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढं त्यातल्या बऱ्याच संस्था पुढाऱ्यांच्याच घरात गेल्या, फी वाढली, हे मान्यच करायला पाहिजे. पण तेव्हाची परिस्थितीही सांगा ना! राज्यात पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकीच कॉलेजं, थोड्याशा जागा, आणि ज्याला ॲडमिशन मिळाली नाही तो डोनेशन भरून कर्नाटकात जायचा, तेही बापाकडं पैसे असले तरच. नवीन सरकारी कॉलेजं काढायला तिजोरीत पैसा नव्हता. दादांनी दार उघडलं. फीवर आणि दर्जावर लगाम पुढच्या सरकारांनी लावायला हवा होता, त्याचं खापर एकट्या दादांवर का?

राहिलं दिल्लीचं. काँग्रेसमध्ये तेव्हा दिल्लीच्या होकाराशिवाय कुणीच मुख्यमंत्री होत नव्हतं, दादाही त्याला अपवाद नव्हते. पण 1983 ला तेव्हाचे मुख्यमंत्री बाबासाहेब भोसलेंविरुद्ध पक्षाचे आमदारच उठले होते आणि त्यानंतर दादांना आणावं लागलं, कारण गावोगावचा कार्यकर्ता त्यांच्या मागं होता. आणि मेहेरबानीवर जगणारा माणूस खुर्ची धरून बसतो. दादांनी काय केलं? 1985 ची विधानसभा जिंकून दिली, त्यानंतर वरून प्रभा रावांना प्रदेशाध्यक्ष केलं, ते पटलं नाही म्हणून काही महिन्यांतच मुख्यमंत्रिपद सोडलं. हे त्या मेसेजमध्ये कुठंच नाहीये.