गटनेता वरून का यावा?

आज सकाळी मालवणच्या बाजारात आमच्याच पक्षाचा एक जुना कार्यकर्ता भेटला. विचारलं, सभागृहात आपला गटनेता कोण होणार? म्हणाला, "नाव वरसून येतला. आमदारांनी सगळे अधिकार श्रेष्ठींका दिले." इतक्या सहज म्हणाला की माझं डोकंच फिरलं.

लाखालाखाने मतं घेऊन आलेली माणसं बैठकीत करतात काय? एका ओळीचा ठराव, हात वर, चहा, फोटो. सत्ताधाऱ्यांचं सोडा, त्यांच्याकडून अपेक्षाच नाही. पण आपण विरोधात बसून रोज लोकशाहीसाठी गळा काढतो ना?

माझे बाबा मच्छीमार सोसायटीत संचालक होते. एका निवडणुकीत त्यांचं पॅनेल हरलं, पाचच जण निवडून आले. त्यांचा पुढारी कोण हे ठरवायला पाचही जण आमच्या पडवीत बसले. आईने पेढ्यांचा रिकामा डबा दिला, माझ्या वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या. बाबा सगळ्यांत ज्येष्ठ, आणि तेच तीन-दोनने हरले, तेही वयाने कितीतरी लहान माणसाकडून. मी रडवेला झालो. बाबा म्हणाले, "मतां मोजून झाली मा? मग झाला."

ब्रिटनचा मजूर पक्ष विरोधात असला की शॅडो कॅबिनेट, म्हणजे सरकारच्या एकेका मंत्र्यावर नजर ठेवणारी विरोधकांची फळी, त्यांचे खासदारच मतदानाने निवडायचे. २०१० मध्ये १९ जागांसाठी ४९ जण उभे होते. यव्हेट कूपर २३२ मतं घेऊन पहिल्या आल्या. पुढच्याच वर्षी पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनी ही पद्धत बंद केली, आपसातल्या निवडणुकांत पक्षाचं लक्ष उडतं म्हणून. उडत असेल. पण नेमणुका करून आपल्याकडची गटबाजी थांबली का? उलट आतल्या आत कुजते, कारण कोणामागे किती जण आहेत हे कधी मोजलंच जात नाही. आमच्या पडवीत ते मोजलं गेलं होतं. म्हणूनच पुढे डिझेलच्या परताव्यावरून तो तरुण अध्यक्षांना भिडला, तेव्हा शेजारी बसून एकेक पावती काढून देणारे बाबाच होते.

कोणी म्हणेल, सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये सांगितलंय, प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा) आणि सभागृहातला नेता राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ गट नाही. बरं, मान्य. मग पक्षाने आधी आमदारांची गुप्त मतं घ्यावीत आणि जिंकेल त्याला नेमावं. कोणता कायदा आडवा येतो?

आमच्या कोकणातलंच बघा. मार्च २०२५ मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेने विरोधी पक्षनेतेपदासाठी गुहागरच्या भास्कर जाधवांचं नाव दिलं. २८८ च्या सभागृहात पक्षाचे आमदार तेव्हा २०, आणि या पदासाठी एक दशांश आमदार हवेत या प्रथेने लागतात २९. ते अधिवेशन संपलं तरी विधानसभा अध्यक्षांचा निर्णय नाही! संताप येतोच. पण अशा वेळी कुठल्याही विरोधी पक्षाला ठणकावून सांगता यायला हवं, की हा माणूस आमच्या आमदारांनी मत देऊन निवडलाय.

चिडून लिहितोय खरा, पण पक्ष माझाच आहे. ज्या राजापूर मतदारसंघाने नाथ पै आणि मधु दंडवते दिल्लीला पाठवले, तिथल्या माणसाला विरोधी बाकाचं मोल कोणी शिकवायला नको. त्या बाकावर आपली माणसं ताठ मानेने बसलेली बघायची आहेत, एवढंच.

रविवारी तालुक्याची बैठक आहे. गटनेता आणि उपनेता गुप्त मतदानाने निवडा, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवाय. कोण येतंय?