स्वयंसेवेचा एक दिवस आणि निष्ठेचा हिशेब

मनुष्यबळ विभागांत सध्या एक संदेश हिरिरीने पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे की, जे कर्मचारी कंपनीच्या स्वयंसेवी उपक्रमांत भाग घेतात ते नोकरी सहसा सोडत नाहीत; म्हणून प्रत्येकाला या उपक्रमांत उतरवावे; निष्ठा मिळवण्याचा हा मार्ग पगारवाढीपेक्षा स्वस्त पडतो; आणि उपक्रमाची छायाचित्रे सर्वदूर पोहोचली की ग्राहकही कंपनीशी बांधले जातात. यांपैकी पहिले विधान अर्धे खरे आहे, आणि उरलेली तीन त्या अर्ध्यावरच उभी आहेत.

सहभागी होणारे अधिक टिकतात, हे निरीक्षण खोटे नाही. ‘ऑर्गनायझेशन सायन्स’ या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जगभर काम करणाऱ्या एका सल्लागार कंपनीतील सामाजिक प्रकल्पांवर गेलेले कर्मचारी इतरांपेक्षा अधिक टिकल्याचे आढळले होते. मात्र ते आपले रोजचे व्यावसायिक कौशल्य घेऊनच तिथे गेले होते, हे संदेश सांगत नाही. शिवाय सर्वसाधारण उपक्रमात नाव नोंदवतो कोण? जो कंपनीत आधीच रुळलेला आहे, ज्याचे वरिष्ठांशी बरे जमते आणि ज्याला हातातल्या कामातून थोडी उसंत मिळते, तोच. राजीनाम्याचा मसुदा मनात तयार असलेला माणूस सुटीच्या दिवशी झाडे लावायला फारसा येत नाही. मग उपक्रमाने त्यांना टिकवले, की टिकणारेच उपक्रमात आले? ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. ध्यानाचे वर्ग, ताण-व्यवस्थापनाची प्रशिक्षणे, आरोग्याची ॲप्स अशा उपायांचा लाभ घेणारे इतरांपेक्षा सुखी दिसले नाहीत. अपवाद ठरली ती स्वयंसेवेची संधी. स्वयंसेवेच्या बाजूने बोलणारा हा पुरावा मी आनंदाने मान्य करतो. पण तो एकाच वेळी टिपलेल्या स्थितीवर बेतलेला असल्याने आधी काय आणि नंतर काय, हे त्यातून ठरत नाही. आणि त्यात मोजले होते ते कर्मचाऱ्याचे स्वास्थ्य, कंपनीवरची निष्ठा नव्हे.

‘प्रत्येकाला उतरवावे’ हे दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. पूर्वीच्या एका नोकरीत मी अशाच एका दिवशी एका शाळेची भिंत रंगवायला गेलो होतो. आम्ही चाळीस जण होतो आणि ब्रश अकरा. सकाळी टी-शर्ट वाटले गेले, त्यानंतर हजेरी झाली, कारण सहभागाचा टक्का विभागप्रमुखांच्या वार्षिक मूल्यमापनात धरला जाणार होता. दुपारी एक सहकारी नखाने रंगाचा पोपडा खरवडत बसला होता; खाली दुसऱ्याच कोणत्या तरी कंपनीच्या बोधचिन्हाचा निळा कोपरा दिसू लागला. म्हणजे ही भिंत दर वर्षी कोणी ना कोणी रंगवतच होते! परतीच्या बसमध्ये शाळेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बोलणे चालले होते ते राहिलेले काम रात्री घरी बसून कसे उरकायचे याचे. ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये १९९९ साली आलेल्या एका संशोधनाने हेच विद्यार्थ्यांच्या बाबतीत दाखवले होते: आपल्यावर सक्ती होत आहे असे वाटले, की पुढे स्वतःहून सेवा करण्याची इच्छाच मंदावते. निवड काढून घेतली की उरते ती बिनपगारी ड्यूटी, आणि अशा ड्यूटीबद्दल कृतज्ञता वाटावी अशी अपेक्षा करणे हा भाबडेपणा तरी आहे किंवा लबाडी तरी.

तिसरा मुद्दा स्वस्ताईचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले होते की, पगार, धोरणे आणि वरिष्ठांची वागणूक यांतील उणिवांमुळे येणारा असंतोष ही एक बाब आहे आणि कामातून मिळणारे समाधान ही दुसरी. त्यांच्या मांडणीला पुढे आक्षेप घेतले गेले, पण एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यातल्या शिलकीने भरत नाही, हे कोणत्याही कार्यालयात दिसते. अडलेली पगारवाढ वृक्षारोपणाने भरून निघत नाही. उलट ‘यासाठी पैसे आहेत, आमच्यासाठी नाहीत’ असा हिशेब कर्मचारी लगेच मांडतो. एन्रॉन ही अमेरिकेतील ऊर्जा कंपनी दानशूर म्हणून नावाजली जात होती आणि तिच्या मूल्यांच्या यादीत ‘आदर’ व ‘सचोटी’ हे शब्द होते. डिसेंबर २००१ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी तिच्याच समभागांत अडकलेली होती. शिवाय हे काम मनापासून केले तर ते स्वस्त राहतही नाही. टिंबरलँड या बूट-कपडे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने १९९२ मध्ये पगारी स्वयंसेवेचे १६ तास देऊन सुरुवात केली आणि पुढे ते ४० केले. सेल्सफोर्स ही सॉफ्टवेअर कंपनी वर्षाला सात दिवसांची पगारी मुभा देते. तितक्या दिवसांचे काम कमी केले तरच ही मुभा खरी, एरवी तिची किंमत कर्मचारी आपल्या संध्याकाळी देऊन चुकवतो.

ग्राहकांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. माल किंवा सेवा वाईट असेल तर छायाचित्र पाहून कोणी परत येत नाही, आणि जाहिरातीचा सोस जितका दिसतो तितका हेतूचा संशय वाढतो. तो संशय आधी येतो तो छायाचित्रात उभ्या केलेल्या कर्मचाऱ्याला.

ज्यांना या संदेशातला दावा आपल्याच कंपनीत पडताळायचा आहे, त्यांच्यासाठी एक साधी रीत आहे. उपक्रमाच्या जागा मोजक्या ठेवाव्यात, नोंदणी पूर्णपणे ऐच्छिक ठेवावी, आणि इच्छुक जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून निवड करावी. दोन वर्षांनी तुलना करावी ती नाव लागलेल्यांची आणि ज्यांची यायची इच्छा असूनही चिठ्ठी निघाली नाही त्यांची. ज्यांनी नावच दिले नव्हते त्यांना या तुलनेत धरू नये.