शिंपला उगाळून पोरांना पाजू नका, त्यात ना चांदणं आहे ना स्वातीचा थेंब

"निसर्गाचा चमत्कार: मोती आणि शिंपला" असा एक लांबलचक मेसेज सध्या सांगलीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, शेतकऱ्यांचे ग्रुप, कुठलाच सुटलेला नाही. त्यात चार गोष्टी सांगितल्यात. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. शिंपल्याच्या आतली चकाकी म्हणजे त्याने साठवलेलं चांदणं. असा शिंपला कोजागरीला चांदण्यात ठेवायचा आणि मग बाळगुटीसारखा उगाळून लहान पोरांना रोज सात वेढे दुधातून द्यायचे, म्हणजे हाडं मजबूत आणि बुद्धी तल्लख. आणि शेवटी, शेततळ्यात शिंपले सोडा, दीड वर्षात लाखो रुपये. एरवी मी असलं काही वाचलं की सोडून देते, पण हरिपूरला माझ्या आत्याने हे खरं मानलं आणि संगमावरून आणलेला शिंपला उगाळून दोन वर्षांच्या नातवाला द्यायला सुरुवात केली, म्हणून आता लिहायलाच पाहिजे.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण त्यात पोरांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

शिंपल्याच्या आतला चकचकीत थर, शर्टाच्या महागड्या बटणांना मदर ऑफ पर्ल म्हणतात तोच, वजनाने साधारण 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतो. उरलेलं प्रथिनं आणि कायटिन. शहाबादी फरशीतही मुख्यतः हेच कॅल्शियम कार्बोनेट असतं, लिंबू सांडलं की फरशीवर डाग पडतो ना, त्याच कारणाने शिंपल्यावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात. म्हणजे शिंपल्यात कॅल्शियम आहे हे खरं. मेडिकलमधल्या बऱ्याच कॅल्शियमच्या गोळ्यांतही हेच असतं आणि आयुर्वेदात मुक्ताशुक्ती भस्म आहे हेही खरं, एवढं मान्य. पण गोळीतला माल शुद्ध करून तपासलेला असतो, भस्म करायला आधी शोधन-मारण (शुद्ध करणं आणि मग भाजून राख करणं) लागतं आणि वैद्य वय बघून मात्रा ठरवतो. नदीच्या कडेचा शिंपला नळाखाली धुतला आणि सहाणेवर घासला, यात त्यातलं काय झालं सांगा.

आता तो शिंपला राहतो कसा ते बघा. चिखलात अर्धा रुतून बसतो, कवच जरासं उघडं ठेवतो, एकीकडून पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक कण खातो आणि दुसरीकडून पाणी सोडून देतो, हेच त्याचं दिवसरात्र चाललेलं असतं. पाण्यात जे येईल ते त्याच्या अंगात साठतं, काही कवचातही जातं. म्हणून तर अमेरिकेत 1986 पासून किनाऱ्यावरचे शिंपले गोळा करून त्यांच्यावरून पाण्याचं प्रदूषण मोजतात. आणि आपल्या कृष्णेत काय काय सोडलं जातं हे सांगलीकरांना मी सांगायला नको, मासे मेल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच.

त्यात सगळ्यात वाईट शिसं. हा धातू कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतो, शिंपल्यात बसतो आणि आपल्या हाडांतही बसतो. 1993 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये एक पेपर आला, त्यात कॅल्शियमच्या 70 ब्रँडमधलं शिसं तपासलं होतं, त्यात शिंपल्यापासून बनवलेलं कॅल्शियमही होतं. साधारण पाव ब्रँडमध्ये शिसं इतकं निघालं की सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिथल्या अन्न-औषध खात्याने धरलेली रोजची मर्यादा ओलांडली जात होती. हे कारखान्यात बनून दुकानात विकायला आलेले ब्रँड, आणि आपण पोराला देतोय तो शिंपला तर कुणी कधी तपासलेलाच नाही! शिशाने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि किती शिसं चालेल याची सुरक्षित अशी पातळीच नाही हे जागतिक आरोग्य संघटना स्वच्छ सांगते. म्हणजे बुद्धी तल्लख व्हावी म्हणून जे पाजताय त्यानेच बुद्धीचं नुकसान व्हायचा धोका आहे, आणि ते लगेच दिसतही नाही. बरं, कॅल्शियमच हवं तर ज्या दुधात हे कालवता त्या दुधात 100 मिलीला 120 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आधीच आहे, आणि नाचणीत 100 ग्रॅमला 300 च्या वर. नाचणीचं सत्त्व द्या की पोराला.

चांदण्याचा मुद्दा. आत्याच्या हातातला शिंपला मी खिडकीपाशी नेऊन बघितला, जरा तिरका केला की गुलाबी, अजून वळवला की हिरवट, मग जांभळट, खरंच नजर हटत नाही. आणि सहाणेवर उतरलेलं पाणी बघितलं तर नुसतं पांढरं, एकही रंग नाही. चांदणं साठलेलं असतं तर ते उगाळल्यावर गेलं कुठं? कारण हे आहे की रंग त्या पदार्थात नसतोच, तो रचनेत असतो. शिंपल्यातल्या जिवाच्या अंगावर मँटल नावाचा पातळ पडदा असतो, कवच तोच तयार करतो. आतल्या थरात तो अ‍ॅरॅगोनाइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका स्फटिक रूपाच्या) चपट्या चकत्या भिंतीतल्या विटांसारख्या रचत जातो, मध्ये प्रथिनांचा पातळ लेप. एका चकतीची जाडी मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकी, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास, त्यामुळे वेगवेगळ्या थरांवरून परतलेला प्रकाश एकमेकात मिसळून रंग दिसतात. डेव्हिड ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं की शिंपल्याचा ठसा मेणावर उमटवला तर मेणावरही तसेच रंग दिसतात. मेणात कुठलं आलंय चांदणं? पृष्ठभागावरच्या बारीक रेघा तेवढ्या उमटल्या. ही रचना इतकी चिवट असते की नुसत्या खनिजापेक्षा ती फोडायला कितीतरी जास्त जोर लागतो, आणि एका मऊ लिबलिबीत जिवाने वर्षानुवर्षं थर देत बनवलेली ती वस्तू आपण घासून तिचा चुना करतोय, याचंही मला वाईट वाटतं.

स्वातीचा थेंब. हा दृष्टांत संस्कृत कवी भर्तृहरीचा, वामन पंडितांनी मराठीत आणलेला, आणि तो संगतीच्या परिणामाबद्दल आहे, कविता म्हणून उत्तमच आहे. पण तमिळनाडू आणि श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातातली मोत्याची कालवं, म्हणजे समुद्रातले शिंपले, कित्येक मीटर खोल तळाशी असतात, तिथं पावसाचा थेंब पोचणार कसा? वाळूचा कण शिरून मोती होतो असं सांगणारेही भेटतात, तसं असतं तर कृष्णेच्या वाळूत राहणारा प्रत्येक शिंपला मोत्यांनी भरला असता. जखमेमुळे किंवा परजीवी किड्यामुळे मँटलच्या पेशी आतल्या मांसात ढकलल्या गेल्या तर तिथं त्यांची पिशवी होते, आणि त्या पेशी नेहमीचंच काम करत राहतात, थरावर थर. तोच मोती.

शेततळ्याबद्दल थोडक्यात. गोड्या पाण्यात मोती होतात, भुवनेश्वरची सीफा ही सरकारी संस्था त्याचं ट्रेनिंगही देते, तेवढं खरं. पण नुसते शिंपले सोडून मोती येत नाहीत. एकेक शिंपला हलक्या हाताने उघडून मँटलचा तुकडा किंवा मणी आत बसवावा लागतो, पुढे जपावं लागतं, त्यात बरेच मरतात, बरेच मणी बाहेर टाकतात आणि जे उरतात त्यातलेही सगळे विकण्यासारखे नसतात. शिंपले आम्ही देतो, मोती आम्हीच परत घेतो, आधी डिपॉझिट भरा असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

आत्याने आता बंद केलंय. ज्यांनी आधीच द्यायला सुरुवात केलीय त्यांनी बंद करून पोराच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, किती दिवस दिलं, किती वेढे दिले, शिंपला कुठून आणला होता. रक्तातलं शिसं तपासता येतं, टेस्ट करायची का ते त्यांना विचारा.