खोलीभाड्याबद्दलचा 'तो' मेसेज चुकीचा आहे

'मेडिक्लेममध्ये खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर फक्त भाड्यातला फरक आपण भरायचा, बाकी बिल कंपनी देते' असा मेसेज फिरतोय. ज्या पॉलिसीत भाड्याला मर्यादा आहे, तिथे हे सहसा खरं नसतं.

समजा, विमा ५ लाखांचा, मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, ४ दिवस राहिलात. भाड्याचा फरक १२,०००. पण शस्त्रक्रिया, भूल, डॉक्टरांची व्हिजिट यांचे दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात, म्हणून कंपनी तेही ५/८ प्रमाणातच देते. हा खर्च १,२०,००० असेल तर त्यातले ४५,००० तुमच्याच खिशातून. एकूण ५७,०००.

मात्र आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०२० च्या नियमांनुसार औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चावर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही नाही. डिस्चार्जच्या घाईत हेच बघायचं राहून जातं. तिथे पैसे कापले असतील तर लेखी हरकत घ्या.

भरती होण्याआधी पॉलिसीतलं 'रूम रेंट'चं कलम वाचा, मर्यादेतलीच खोली मागा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.