चार्ज घेताना कडीकडे पाहू नये

नाशिकमधल्या एखाद्या जुन्या अँग्लिकन मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकापदी आपली नेमणूक झाली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, आणि लागलीच एक सूचना: 'अँग्लिकन' हा शब्द शाळेच्या फाटकाबाहेर समजावून सांगण्याच्या फंदात आपण पडू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात, चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली अँग्लिकन चर्च धरून, सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हापासून तो शब्द ट्रस्टच्या दप्तरात, कोनशिलांवर आणि निवृत्त शिक्षिकांच्या बोलण्यात तेवढा उरला आहे. सीबीएस बसस्थानकावरच्या रिक्षावाल्याच्या लेखी आपली शाळा 'कॉन्व्हेंट' आहे आणि आपण 'सिस्टर' आहात. आपल्याला यजमान आहेत, दोन मुलगे आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे सांगून त्याच्या मतात फरक पडणार नाही. (अँग्लिकन पंथातही धर्मभगिनी असतात आणि पुण्याच्या सेंट मेरीज शाळेचा कारभार इंग्लंडातल्या वाँटेजच्या भगिनींनी पाहिला, ही माहिती खरी असली तरी तिने गोंधळ वाढेलच.) पालकांनी 'मदर' अशी हाक मारली, तर मुकाट्याने ओ द्यावी.

रुजू होण्याआधी एकदा गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुती नीट पाहून यावा. धार्मिक कारणासाठी नव्हे, पदाचा अभ्यास म्हणून. ज्याला पुढूनही मुख आहे आणि मागूनही, असा आदर्श मुख्याध्यापक दुसरीकडे मिळायचा नाही. एक मुख बिशपसाहेब आणि विश्वस्त मंडळाकडे ठेवावे, तेथे शाळेची ख्रिस्ती परंपरा, सकाळची उपासना आणि अल्पसंख्याक दर्जा यांविषयी बोलावे. दुसरे मुख शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे ठेवावे, तेथे यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर भरायची शाळेची माहिती आणि मराठी सक्तीचा २०२० चा कायदा यांविषयी बोलावे. दोन्ही मुखांनी एकाच वेळी बोलण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. पावसाळ्यात सारे नाशिक याच मारुतीवरून पुराचा अंदाज घेते, पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले असे एकमेकांना कळवते, आणि मारुती मात्र काही बोलत नाही. आपणही नाकातोंडात पाणी जाईपर्यंत 'परिस्थिती नियंत्रणात आहे' हेच वाक्य वापरावे.

पहिल्या भाषणाची चिंता नको, ते इतिहासाने आयते लिहून ठेवले आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे लोक १८३२ मध्ये नाशिकला आले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी शरणपूर वसवले आणि समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींना तेथे आश्रय, शिक्षण आणि हातचा धंदा दिला, हे सांगताना आवाज थोडा जड करावा. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या सोबत्यांत होता. लिव्हिंगस्टनचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला त्याचाही हात लागला. येथे क्षणभर थांबावे, टाळ्या येतात. मात्र शरणपूर या नावातला 'शरण' हा शब्द भाषणापुरताच ठेवावा. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले असल्याने दुर्बल घटकांच्या पंचवीस टक्के जागांचे बंधन आपल्यावर नाही. तेव्हा सातपूरच्या कारखान्यातला एखादा कंत्राटी कामगार मुलीचा हात धरून दारात उभा राहिलाच, तर 'नियमात बसत नाही' असे आपण निखालस खरे बोलू शकता. खरे बोलून दार लावता येण्याची सोय फार थोड्या पदांना असते.

भाषणानंतर जे दिसते ते बदलावे. फाटकाचा रंग, बोधचिन्ह, आणि शक्य झाल्यास गणवेश. फीवाढीचा विषय निघेल तेव्हा शुल्क नियमन कायद्याप्रमाणे पालकांच्या कार्यकारी समितीची निवड सोडतीने होते हे लक्षात ठेवावे आणि चिठ्ठ्या काढताना चेहरा गंभीर ठेवावा.

दालनात आपल्या आधीच्या बाईंच्या तसबिरी असतील. त्यांच्याकडे फार वेळ पाहू नये, आणि परदेशी उदाहरणे तर वाचूच नयेत. डोरोथिया बील या बाई १८५८ मध्ये इंग्लंडमधील चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेच्या प्रमुख झाल्या आणि १९०६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ४८ वर्षे, तेथेच राहिल्या. मुलींना गणित कशाला, असे भलेभले विचारत त्या काळात त्यांनी ते शिकवले, आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांसाठी सेंट हिल्डाज हे कॉलेज काढले. इतका वेळ आपल्याकडे नाही. आपल्याला वार्षिक स्नेहसंमेलन, नाताळची कॅरोल आणि आगामी सिंहस्थात रस्ते बंद झाल्यावर बसेस कोठून वळवायच्या, एवढे उरकायचे आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. चार्ज घेताना आपल्याला एक यादी मिळेल. तीत बाके, चांदीचे चषक, न वाजणारा हार्मोनियम, प्रयोगशाळेतला सांगाडा आणि पहिल्या बाईंचे तैलचित्र, सारे काही असेल. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी त्या यादीत नसेल. कारण ती कडी गेली तीन वर्षे दारावरच नाही. दारावर तिची चार भोके आहेत आणि त्यांतून ओवलेली सुतळी आहे. सुतळी आतून हाताला गुंडाळून धरायची असते, नाही तर मैत्रिणीला बाहेर पहाऱ्याला उभे करायचे असते, आणि दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत हे सर्वांना जमत नाही. माझी एक भाची अशाच एका शाळेत होती. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी येई आणि तिची आई 'विसराळू आहेस' म्हणून तिला रागावे. मुलगी विसराळू नव्हती, तिने हिशेब केलेला होता.

म्हणून आपण दुसऱ्या मजल्यावर जाऊच नये. जिना दुखऱ्या गुडघ्यांना चांगला नसतो. शासनाने २०२२ मध्ये शाळाशाळांतून मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली. ती आपल्याकडे कागदावर असेलच, तिचा फलक ठळक जागी लावावा. तक्रारपेटीही असेल. तिचे कुलूप गंजलेले असल्यास हरकत नाही, कारण गंज हा पेटी सुरक्षित असल्याचा पुरावा आहे. चुकून ती उघडली आणि आत वहीच्या पानाच्या घडीवर 'मॅडम, कडी' एवढेच लिहिलेले निघाले, तर तक्रारीत तारीख, इयत्ता आणि तुकडी नसल्याने ती नस्तीबंद करावी.

फारच लावून धरले कोणी, तर रीतसर मार्ग आहे. इमारत संस्थेच्या मालकीची आहे, सबब दुरुस्तीचा प्रस्ताव मंडळाकडे जाईल. मंडळ इमारत समितीकडे पाठवील. इमारत समिती तीन दरपत्रके मागवील. आणि एका कडीसाठी दरपत्रक द्यायला कोणी दुकानदार तयार होत नसल्याने विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब होईल. यात आपला काहीच दोष नाही, हे इतिवृत्तात नमूद करून घ्यावे.

धोका एकच आहे, आणि तो शिपाईमावशींचा. या बाई तीस वर्षे शाळेत आहेत, त्यांनी पाच मुख्याध्यापिका पाहिल्या आहेत आणि सुतळी त्यांनीच बांधलेली आहे. आपल्या सत्काराच्या दिवशी, बिशपसाहेबांचे आशीर्वचन चालू असताना, त्या पदराखाली काही तरी घेऊन जिना चढताना दिसतील. नवी कडी, चार स्क्रू आणि घरून आणलेला पेचकस. सारे स्वतःच्या पगारातून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दालनात बोलावून संस्थेच्या मालमत्तेस विनापरवाना हात लावल्याबद्दल लेखी खुलासा मागवावा. इंग्रजीत, तीन प्रतींत.