आठ नावं, सोळा माणसं

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चारही कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणलेले चार नवे कायदे, लागू केल्या आणि पालघर जिल्ह्यातल्या आमच्या वाडा गावच्या शाळेच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला. माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, त्याच्या स्वतःच्या दोन वीटभट्ट्या तालुक्यात आहेत. त्याने लिहिलं, "आता इन्स्पेक्टर नाही, सुविधा देणारा अधिकारी येणार. अमेरिकेत आहे तसं. सरकार आणि मालक मिळून कामगारांची सुरक्षा बघणार." त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत निरीक्षकाचं पदनाम खरंच बदलून 'निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता' झालं आहे. भोंगाशाळेत, म्हणजे भट्टीवरच्या मजुरांच्या मुलांसाठी तिथेच भरणाऱ्या शाळेत, काही वर्षं शिकवलेल्या माझ्या एका वर्गमैत्रिणीने त्याला दोनच शब्दांत उत्तर दिलं, "कायदा संपला." मग दोघांनीही मला ओढलं. तू तर तिकडे अमेरिकेत विटांच्याच कारखान्यात सेफ्टी बघतेस, तूच सांग.

ग्रुपवर एवढं लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी अकरा वर्षं नॉर्थ कॅरोलिनात आहे. हा विटांचा मुलूख. इथल्या सॅनफर्ड गावाला १९५९ मध्ये 'अमेरिकेची विटांची राजधानी' म्हणायचे. लाल चिकणमाती जवळपास आपल्यासारखीच, पण वीट बनते पूर्ण वेगळ्या तऱ्हेने. माती यंत्रातून पट्टीसारखी बाहेर येते, तारांनी कापली जाते, यंत्राचा हात ती गाड्यांवर रचतो आणि गाड्या लांबलचक बोगद्यासारख्या भट्टीतून हळूहळू सरकत जातात. डोक्यावर वीट वाहणारं माणूस इथे दिसणार नाही. धोके मात्र आहेतच. चालू यंत्रात हात जातो, फोर्कलिफ्टखाली पाय जातो, आणि सगळ्यात चिवट शत्रू म्हणजे मातीतल्या सिलिकाची, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजाची, धूळ. ती डोळ्यांना दिसत नाही आणि वीस-पंचवीस वर्षांनी छातीत सापडते.

दादा म्हणतो ते सहकार्य इथे खरोखर आहे. ओशा ही कामगार सुरक्षेची संघीय यंत्रणा २००२ पासून उद्योगांच्या संघटनांशी सहकार्याचे करार करते, आणि वीटनिर्मात्यांच्या संघटनेनेही असा करार केला. दोघं मिळून प्रशिक्षणाचं साहित्य काढतात, माहिती कारखान्यांपर्यंत पोचवतात. छोट्या कारखानदाराला तर त्याहून मोठी सोय आहे. त्याने बोलावलं तर सरकारी खर्चाने तज्ज्ञ येतो, सगळं फिरून बघतो, चुका दाखवतो आणि दंड न करता जातो. गंभीर धोका दाखवला तर तो ठरल्या मुदतीत दूर करायची हमी मात्र मालकाला द्यावी लागते. ही सोय मला मनापासून आवडते. दादासारखा माणूस, ज्याला चांगलं करायचं आहे पण कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्याला असंच कोणीतरी हवं.

पण दादाला जे माहीत नाही ते हे. करार केला म्हणून तपासणीतून सुटका होत नाही. तपासणारे वेगळे आणि शिकवणारे वेगळे. दंड करणारा आणि मदत करणारा ही एकाच माणसाची दोन तोंडं नाहीत, आपल्या संहितेने मात्र दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिली आहेत. शिकवणाऱ्याला मालक दार उघडतो, कारण तपासणारा कधीही न बोलावता येऊ शकतो हे त्याला ठाऊक असतं.

आणि ज्या संघटनेने करार केला तिनेच पुढे काय केलं? सिलिकाची हवेतली मर्यादा दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असावी, अशी शिफारस अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने १९७४ मध्ये केली होती. तो नियम झाला २०१६ मध्ये. बेचाळीस वर्षं गेली! नियम झाल्यावर वीट उद्योग इतर उद्योगांबरोबर न्यायालयात गेला. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या मातीतल्या सिलिकाच्या कणांवर चिकणमातीचा लेप असतो, त्यामुळे ती तेवढी घातक नाही. वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हे म्हणणं फेटाळलं, आणि उलट कामगार संघटनांच्या एका मागणीवर सरकारलाच पुन्हा विचार करायला सांगितलं. म्हणजे सहकार्याची संघटना आणि नियमाविरुद्ध दावा लावणारी संघटना एकच. यात मला ढोंग दिसत नाही. उद्योगाची संघटना उद्योगाचं हित बघणार, तेच तिचं काम आहे. कामगाराचं हित बघायला दुसरं कोणी टेबलावर असलं पाहिजे.

आता या नियमाने माझ्या कारखान्यात काय होतं ते सांगते. विटा उतरवण्याच्या जागी काम करणारा एक सहकारी आहे, ग्वाटेमालाहून आलेला, माझ्याच वयाचा. मोजणीच्या दिवशी सकाळी मी त्याच्या पट्ट्याला छोटा पंप लावते. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर येते आणि कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर, एक चिमुकली गाळणी अडकवते. पूर्ण पाळीभर तो पंप बारीक गुणगुणत असतो. माझा सहकारी जी हवा श्वासात घेतो तिचाच नमुना गाळणीतून जातो. गाळणी प्रयोगशाळेत जाते, आणि अहवाल आला की कामाच्या पंधरा दिवसांच्या आत त्याला निकाल कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. गेल्या वेळी मी कागद स्पॅनिशमध्ये छापून त्याच्या हातात दिला. त्याने आकडा वाचला, मर्यादेचा आकडा वाचला आणि विचारलं, "मागच्या वर्षीपेक्षा जास्त का?" धूळ ओढून घेणाऱ्या शोषणयंत्राचा एक पाइप फुटला होता. तो त्याच आठवड्यात बदलला. अशा धुळीत वर्षातून तीस किंवा जास्त दिवस काम असेल, तर दर तीन वर्षांनी छातीच्या एक्स-रेची सोय करून द्यावी लागते, आणि खर्च मालकाचा.

भिंतीवर आणखी एक कागद लागतो. दर वर्षी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल, मागच्या वर्षी कारखान्यात किती जण जखमी झाले, किती दिवस कामाबाहेर राहिले, त्याचा गोषवारा सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचा. डबा खाताना माणसं तो वाचतात. आकड्यांवर वाद घालतात. "माझं बोट यात धरलं का?" असं विचारतात.

हे सगळं इथे शहाणपणातून आलं असं कोणी समजू नये. ३ सप्टेंबर १९९१ ला याच राज्यात हॅम्लेट नावाच्या गावी कोंबड्यांचं मांस शिजवणाऱ्या कारखान्यात आग लागली. बाहेर पडायची दारं कुलूपबंद होती. २५ माणसं गेली. अकरा वर्षांत त्या कारखान्यात सुरक्षेची एकदाही तपासणी झाली नव्हती. त्यानंतर राज्याने निरीक्षक वाढवले, आणि जिथे अपघात जास्त होतात तिथे कामगारांना घेऊन सुरक्षा समिती नेमणं सक्तीचं केलं. आणि आजही सगळं आलबेल नाही. २०२५ मध्ये त्याच संशोधन संस्थेची, जिने १९७४ मध्ये तो ५० चा आकडा सुचवला होता, बहुतेक माणसं एका झटक्यात कमी करण्याचा आदेश निघाला. त्यांतली बरीच नंतर परत घेतली. तेव्हा दादा, अमेरिकेचं नाव घेताना यातलं कोणतं घेतोस ते बघ.

आता वाड्याकडे येते. दिवाळी झाली की कातकरी आणि वारली कुटुंबं पाडे सोडून वाडा, भिवंडी, शहापूरच्या भट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्यात घरात दाणा नसताना. भट्टीशेजारी भोंगे उभे राहतात, पेंढ्याचे, प्लास्टिकचे, कच्च्या विटांचे. पहाटे अंधारातच काम सुरू होतं, कारण उन्हात माती लवकर आवळते. नवरा गारा करतो, बायको उकिडवी बसून साच्यात थापते, दहा-बारा वर्षांची मुलगी कच्ची वीट उलटी करून वाळत लावते. एक जोडी दिवसाला हजाराच्या आसपास विटा थापते. नंतर त्याच विटा डोक्यावरून भट्टीपर्यंत. चुंबळीवर फळी, फळीवर विटा. दहा विटा म्हणजे पंचवीस-तीस किलो आलं. भट्टी उकलताना राखेचा जो लोट उठतो, त्यात नाकाला पदर हीच काय ती सुरक्षा. मजुरी हजाराच्या दराने ठरते, आणि ती जोडीची असते. वहीत नाव एकट्या नवऱ्याचं.

ही वही मला महत्त्वाची वाटते. वर्गमैत्रीण म्हणते कायदा संपला. माझं म्हणणं, या माणसांपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. नव्या संहितेत आस्थापना म्हणजे दहा किंवा जास्त कामगार. कारखाना ठरायला तर वीज वापरत असाल तर वीस, नसेल तर चाळीस. जुन्या १९४८ च्या कायद्यात हेच आकडे दहा आणि वीस होते. दादाच्या एका भट्टीवर आठ जोड्या आहेत. वहीत आठ नावं. म्हणजे कागदावर ती भट्टी दहाच्या खालीच राहिली आणि कायद्याच्या बाहेर गेली. प्रत्यक्ष मैदानावर सोळा मोठी माणसं आहेत. पोरं मी धरलेलीच नाहीत. बायकांना कामगार म्हणून मोजलं की कायदा लागतो, मोजलं नाही की लागत नाही. सुविधाकर्ता येवो की निरीक्षक, तो आधी ही वहीच मागणार ना?

पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये भट्ट्यांसाठी नियम काढले. धुरातल्या कणांची मर्यादा, वस्तीपासून ८०० मीटर अंतर, भट्टीतली गरम हवा नागमोडी फिरवणारी झिगझॅग पद्धत. नियम चांगलेच आहेत. पण ते अंतर मोजताना भट्टीला चिकटून उभा असलेला भोंगा कुणाच्या हिशेबात आला? त्यात माणसं वर्षाचे सहा-सात महिने राहतात, तिथेच मुलं झोपतात.

एक गोष्ट मनातून जात नाही. मी बारावीला असताना आमच्या गावाशेजारच्या एका भट्टीवर कच्च्या विटांचा ढीग कोसळून एका बाईच्या पायाचं हाड मोडलं. मालकाने तिला लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, प्लास्टर केलं, सगळं बिल भरलं. गावात त्याचं कौतुक झालं. हंगाम संपताना हिशेब झाला तेव्हा ते बिल तिच्या नवऱ्याच्या उचलीत चढवलेलं होतं. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या लेखी तो खर्च तिचाच होता.

म्हणून 'सरकार आणि मालक मिळून' हे शब्द ऐकले की मला तिसरी खुर्ची आठवते. ती अमेरिकेतून आणायची गरज नाही. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राचाच आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र आणलं, आणि त्यातून अशी मंडळं उभी राहिली ज्यांत सरकार, मालक आणि कामगार तिघं बसतात. कामगार एका मालकाचा नसला तरी नोंदणी मंडळाकडे, आणि मजुरीवर मालकाकडून घेतल्या जाणाऱ्या लेव्हीतून, म्हणजे जादा आकारणीतून, भविष्यनिर्वाह निधी, उपचार, रजा. माथाडीच्या नावाखाली खंडण्या उकळणारे निघाले, ते मला माहीत आहे, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण डोक्यावर फळी घेऊन चालणारी कातकरी बाई माथाडी नाही तर कोण आहे? आमच्या भागात तरी विटा थापणाऱ्या जोडीपर्यंत असं मंडळ पोचलेलं मी पाहिलेलं नाही. विटेमागे काही पैसे लेव्ही, जोडीतल्या दोघांची स्वतंत्र नोंद, आणि भट्टी बदलली तरी चालणारा एकच नंबर, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. मालकांनी यात यावं असं मला मनापासून वाटतं, कारण एकटा दादा चांगला वागला तर त्याची वीट महाग होते आणि गिऱ्हाईक शेजारच्या भट्टीवर जातं. लेव्ही सगळ्यांना सारखी असेल तर चांगलं वागणाऱ्याला भुर्दंड बसत नाही.

मागच्या रविवारी दादाशी तासभर बोलले. थापणीच्या जागेवर सावलीसाठी शेडनेट आणि दोन ठिकाणी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, हे त्याने लगेच कबूल केलं. शेडनेटचं मोजमापही घेतलं. भट्टी उकलण्याआधी राखेवर पाणी मारायचं, तेही पटलं. मग मी वहीचं काढलं. वहीतल्या आठ नावांशेजारी दुसरी आठ लिही, आणि मजुरी दोघांच्या नावे वेगवेगळी मांड, म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सोळा लिहिली तर मी कायद्यात येतो ना गं?"

हो, म्हटलं. येतोस.

फेब्रुवारीत मी वाड्याला जाते आहे. वहीचं अजून ठरलेलं नाही.